फाट्यावर मागे वळून फोटो काढा

खेड्याभोवतीच्या पायवाटांवर जाताना वाट सरळ वाटते, परतताना मात्र फाट्यावर हमखास गोंधळ उडतो. तीच जागा उलट्या बाजूनं वेगळी दिसते.

१. फाटा ओलांडून १०-१५ पावलं पुढे जा, मागे वळा आणि फोटो घ्या. आलात ती वाट फोटोत स्पष्ट दिसायला हवी.

२. सोबत न हलणारी खूण घ्या: मोठा खडक, विजेचा खांब, वाकड्या बुंध्याचं झाड. गुरं, गवताची गंजी नको. संध्याकाळपर्यंत जागेवर असतीलच असं नाही.

३. फोन विमान मोडवर ठेवा. रेंज शोधण्यातच बॅटरी संपते. फोटोवर वेळ नोंदलेली असते, त्यामुळे परतताना ते उलट्या क्रमानं बघत या.

अंधारात या खुणा दिसत नाहीत, म्हणून परतीच्या वाटेवरचा शेवटचा फाटा सूर्यास्तापूर्वीच गाठा.