जुन्या स्पोर्ट्स कारचा गिअरबॉक्स : साफसफाई आणि सर्व्हिसिंग करताना या चुका टाळा

जुन्या स्पोर्ट्स कारच्या मॅन्युअल गिअरबॉक्सला हात लावण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. गिअरचे दात आणि बेअरिंग यांना घर्षण नको असते, सिंक्रो रिंगचे काम मात्र घर्षणावरच चालते. गिअर बदलताना ही रिंग गिअरच्या शंकूवर दाबली जाते, त्या घर्षणामुळे गिअर आणि शाफ्ट यांचा वेग जुळतो आणि त्यानंतरच स्लीव्ह आवाज न करता पुढे सरकते. सर्व्हिसिंगमध्ये होणाऱ्या बऱ्याच चुकांच्या मुळाशी हीच गोष्ट विसरणे असते. जितके गुळगुळीत तितके चांगले, असे मानून तेल निवडले जाते, भाग घासले जातात, आणि धडधाकट गिअरबॉक्स बिघडतो.

कारण न शोधता गिअरबॉक्स उतरवणे

गिअर टाकताना खरखर आली की सिंक्रो गेला, असा निष्कर्ष फार घाईने काढला जातो. प्रत्यक्षात अनेकदा क्लच पूर्ण सुटत नसतो. याची परीक्षा सोपी आहे. गाडी उभी ठेवून इंजिन आयडलिंगवर चालू द्यावे, क्लच पूर्ण दाबून पाच-सहा सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. इतक्या वेळात इनपुट शाफ्ट, म्हणजे क्लचकडून गिअरबॉक्समध्ये येणारा शाफ्ट, थांबायला हवा. तरीही खरखर आली, तर दोष बहुधा क्लचकडे आहे. हायड्रॉलिक लाइनमध्ये हवा, आतून फुगलेला जुना रबरी होज, क्लच सोडवणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरचे झिजलेले सील किंवा क्रँकशाफ्टच्या टोकाशी अडकणारा पायलट बुश यांपैकी काहीही कारण असू शकते, आणि यांपैकी एकाही कारणासाठी गिअरबॉक्स खोलावा लागत नाही.

आवाजही बरेच सांगतो. न्यूट्रलमध्ये येणारा घरघर आवाज क्लच दाबताच थांबत असेल, तर इनपुट शाफ्टच्या किंवा लेशाफ्टच्या (इनपुट शाफ्टवरून फिरणाऱ्या मधल्या शाफ्टच्या) बेअरिंगकडे संशय जातो. क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल, तर रिलीज बेअरिंगकडे. चार गिअरच्या पारंपरिक रचनेत टॉप गिअर थेट असतो, म्हणजे त्या वेळी लेशाफ्ट फिरत असला तरी त्यावर भार नसतो. म्हणून पहिल्या तीन गिअरमध्ये आवाज आणि चौथ्यात शांतता असेल, तर लेशाफ्ट व त्याच्या बेअरिंगवर लक्ष केंद्रित करावे. ही माहिती गाडी चालवतानाच मिळते. गिअरबॉक्स टेबलावर आल्यावर ती मिळत नाही. शिवाय प्रत्येक खरखर हा दोष नसतो, हेही ध्यानात ठेवावे. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या १९६७ पर्यंतच्या गाड्यांमध्ये आणि ३.८ लिटरच्या जॅग्वार ई-टाइपमध्ये पहिल्या गिअरला मुळात सिंक्रोच नव्हता.

चुकीचे तेल

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, आणि ती बहुधा चांगल्या हेतूने होते. गिअर ऑइलच्या दर्जांमध्ये जीएल-५ हा आकडा जीएल-४ पेक्षा मोठा, म्हणून ते तेल वरच्या दर्जाचे, असा समज आहे. प्रत्यक्षात जीएल-५ तेल हायपॉइड गिअरसाठी (डिफरन्शिअलमधल्या तिरप्या दातांच्या गिअरसाठी) आहे, जिथे दात एकमेकांवर प्रचंड दाबाने घसरतात. त्यासाठी त्यात गंधक-फॉस्फरसयुक्त घटक जास्त प्रमाणात घातलेले असतात. हे घटक पितळेच्या सिंक्रो रिंगला मानवतीलच असे नाही. काही तेलांतले घटक, विशेषतः तेल तापलेले असताना, तांबे असलेल्या धातूंना हळूहळू खातात. धातूला धक्का न लावणारी जीएल-५ तेलेही आज मिळतात, पण त्यांचा निसरडेपणा उरतोच, आणि रिंगची पकड उशिरा बसते.

मात्र म्हणून सगळीकडे जीएल-४ वापरा, असा उलटा नियमही करता येत नाही. पोर्शे ९११ च्या ९१५ मालिकेच्या गिअरबॉक्समध्ये डिफरन्शिअल त्याच घरात असतो आणि सिंक्रो रिंग पोलादी, मॉलिब्डेनमचा थर दिलेल्या असतात. तिथे जीएल-५ च योग्य. याउलट बहुतेक एमजीबीच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये इंजिन ऑइल घालायचे असते, आणि त्यासाठी साधे २०डब्ल्यू-५० सर्रास वापरले जाते. त्या गाडीच्या लेकॉक ओव्हरड्राइव्हमध्ये (गिअरबॉक्सच्या मागे जोडलेल्या, टॉपपेक्षा उंच गिअर देणाऱ्या संचात) तेच तेल फिरते आणि त्यातला शंकूच्या आकाराचा क्लच घर्षणावरच चालतो, त्यामुळे घर्षण कमी करणारा कोणताही पदार्थ, टेफ्लॉनची किंवा मॉलिब्डेनमची बाटली, तिथे घालू नये. त्या विशिष्ट मॉडेलच्या कार्यशाळा-पुस्तिकेत जे लिहिले आहे, ते शेवटचे मानावे.

तेल बदलताना होणाऱ्या चुका

ड्रेन प्लग उघडण्यापूर्वी भरायचा प्लग सुटतो आहे याची खात्री करावी. वर्षानुवर्षे न उघडलेला प्लग गंजलेला असतो; तेल काढून टाकल्यावर तो सुटला नाही, तर गाडी जागची हलत नाही. तेल गाडी थोडी चालवून, ते कोमट असताना काढावे, कारण थंड तेलात गाळ तळाशीच राहतो. गाडी अ‍ॅक्सल स्टँडवर आडव्या पातळीत असावी. एका बाजूने उचललेल्या गाडीत पातळी चुकीची दिसते.

काढलेले तेल ओतून देण्याआधी ते पाहण्याची सवय लावून घ्यावी, कारण गिअरबॉक्सची इतकी खरी हकिकत दुसरीकडे मिळत नाही. चुंबकीय प्लगवर बोटाने चोळता येईल असा बारीक करडा लेप असेल, तर ती सामान्य झीज आहे. सोनेरी चमक दिसली तर पितळी रिंग किंवा बुश झिजत आहे. नखाच्या टोकाएवढा पोलादाचा तुकडा किंवा बेअरिंगची पापडी सापडली, तर नवे तेल भरून उपयोग नाही. दुधाळ रंग म्हणजे आत पाणी शिरले आहे, आणि ते बहुधा प्रेशर वॉशरने ब्रीदरमधून, म्हणजे हवा ये-जा करण्याच्या छिद्रातून, शिरलेले असते.

रॉकेल किंवा डिझेल भरून गाडी फिरवणे आणि मग ते काढून टाकणे, हा उपाय करू नये. त्यात वंगणाचा थर धुऊन जातो आणि उरलेले द्रव बेअरिंगच्या कोपऱ्यांत राहून नवे तेल पातळ करते. अगदीच घाण तेल असेल, तर योग्य दर्जाचेच तेल भरून थोडे अंतर चालवून पुन्हा बदलावे.

ओव्हरड्राइव्ह असलेल्या गाडीत तळाचे झाकण उघडून त्याची गाळणीही साफ करावी लागते. पण आत तेल मोठ्या दाबाखाली असते. इंजिन बंद ठेवून, इग्निशन चालू करून, टॉप गिअरमध्ये ओव्हरड्राइव्हचा स्विच दहा-बारा वेळा चालू-बंद करावा. दाब उतरल्यावरच पाना लावावा.

खोललेल्या भागांची सफाई

अ‍ॅल्युमिनियमचे घर कॉस्टिक सोड्याने धुऊ नये. तो धातूच खातो. काचेच्या मण्यांनी घर चमकवले, तर एखादा मणी तेलाच्या वाटेत राहून जातो आणि पुढे बेअरिंग फोडतो. सिंक्रो रिंगच्या आतल्या बाजूच्या बारीक खाचा तेलाचा थर कापण्यासाठी असतात, त्यांवर तारेचा ब्रश कधीही फिरवू नये. मऊ ब्रश आणि स्वच्छ रॉकेल पुरेसे आहे. रिंग शंकूवर दाबून दातांमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी आणि पुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडून पाहावी. धुतलेले बेअरिंग हवेच्या झोताने गरगर फिरवणे तर धोकादायकच आहे. कोरड्या बेअरिंगचे तुकडे उडू शकतात.

जुळवताना इंटरलॉक पिना (एका वेळी एकच गिअर पडू देणाऱ्या) विसरल्या, तर दोन गिअर एकाच वेळी पडून बॉक्स जाम होतो, म्हणून खोलतानाच छायाचित्रे काढावीत. गॅस्केटऐवजी सिलिकॉनचा जाड थर लावू नये. आत सरकलेली त्याची वळी तेलाच्या छिद्रात जाऊन बसते, आणि गॅस्केटच्या जाडीवर शाफ्टची मोकळीक ठरत असल्यास तीही बिघडते. नवे सील बसवूनही गळती होत असेल, तर आधी ब्रीदर मोकळा आहे का ते पाहावे; तो बंद असला की तापलेल्या हवेचा दाब तेल सीलमधूनच बाहेर ढकलतो.

नव्या तेलानंतर तीस-चाळीस किलोमीटर सौम्यपणे चालवून पातळी पुन्हा तपासावी, विशेषतः ओव्हरड्राइव्ह असेल तर, कारण त्यात तेल भरल्यावर गिअरबॉक्समधली पातळी खाली जाते.