कातळशिल्पाचा फोटो तिरप्या उन्हातच घ्या
रत्नागिरी-राजापूरच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, कातळशिल्पांच्या (कातळात कोरलेल्या जुन्या आकृत्यांच्या) सर्वेक्षणाला जाणार असाल तर दुपारचा फोटो विसरा. ऊन डोक्यावर आलं की जांभ्यातली उथळ रेघ सपाट दिसते. सूर्य उगवल्यावर तासाभरात किंवा मावळतीला गेलात, की रेघेचा एक काठ सावली धरतो आणि प्राण्याचे पायसुद्धा नीट मोजता येतात. दिवस ढगाळ निघाला तर काळोख पडू द्या आणि टॉर्च जमिनीलगत आडवा धरा. आधी मऊ ब्रशने माती-पाला झाडायचा. रेघ उठून दिसावी म्हणून खडू किंवा चुना मात्र अजिबात नको! फोटो झकास येतो, पण चुकीची रेघ गिरवली गेली की पुढच्यालाही तीच खरी वाटते. स्केल शिल्पाच्या बाजूला ठेवा, अंगावर नाही.

उत्तर दिशा घेताना एकट्या होकायंत्रावर विसंबू नका. राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणे इथल्या मानवाकृतीवर सुई भरकटते, हे प्रसिद्धच आहे. जांभ्यात लोह भरपूर, तेव्हा इतरत्रही जागा बदलून ताळा करा, नाहीतर जीपीएसवर लांबचे दोन बिंदू नोंदवून दिशा काढा. आणि वाडीत आधी विचारून जा. सडा बहुधा कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असतो.