टोबॅगो केजला जाताय? या चुका टाळा

नावावर जाऊन टोबॅगोचं तिकीट काढू नका. ते वेगळं बेट आहे. टोबॅगो केज म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडिन्स या देशातली पाच निर्मनुष्य बेटं. युनियन आयलंडवरच्या क्लिफ्टनहून बोटीने जायचं. १९९७ पासून हे संरक्षित सागरी उद्यान आहे, तरी दर खेपेला त्याच चुका बघून जीव तुटतो.

सगळ्यात वाईट खोड कासवाच्या मागे लागायची. बॅराडल बेटाशी बोया लावून आखलेल्या उथळ पाण्यात हिरवी कासवं समुद्री गवत चरतात आणि श्वास घ्यायला वर येतात. एकदा आमच्या बोटीवरचे एक गृहस्थ, पोहायला शिकून जेमतेम महिना झालेला, कॅमेरा पुढे धरून कासवाच्या थेट डोक्यावर गेले. कासव वर आलं, यांची सावली बघून बुडालं. परत वर आलं, हे परत आडवे. तिसऱ्यांदा कसंबसं नाक बाहेर काढून ते चरणं सोडून खोल पाण्याकडे गेलं. हेही मागोमाग बोयांबाहेर, ओढीत सापडले. डिंगी, म्हणजे छोटी होडी, घालून आणावं लागलं. कॅमेऱ्यात होती नुसती ढवळलेली वाळू.

मी कडेला दहा-बारा हातांवर थांबतो, हात पाठीमागे घेतो आणि फिन्स न हलवता तरंगतो. थोड्या वेळात कासव आपणहून चरायला लागतं. तेवढा धीर नसेल तर पाण्यात उतरूच नका.

दुसरी चूक नांगराची. मुरिंगचे, म्हणजे बोट बांधायला तळाशी पक्क्या केलेल्या बोयाचे, पैसे वाचवायला लोक समुद्री गवतात नांगर टाकतात. मूळ हिंदी महासागर आणि तांबड्या समुद्राकडचं एक गवत २००२ मध्ये शेजारच्या ग्रेनेडात सापडलं आणि तिथून पसरत गेलं. बोटाच्या पेराएवढी, जोडीजोडीने येणारी पानं. तुटलेला तुकडाही नव्या जागी रुजतो, आणि असे तुकडे नांगराबरोबर फिरतात. मी मुरिंगच घेतो. कुठे नांगर टाकावाच लागला, तर वर घेताना साखळीतलं गवत हाताने काढून बादलीत टाकतो.

हॉर्सशू रीफ या इथल्या प्रवाळाच्या रांगेवर पोहताना दमलात तर पाठीवर तरंगा, प्रवाळावर पाय टेकू नका. शंख उचलू नका, रिकामा असला तरी.

जुने प्रवासलेख वाचून बुकिंग करू नका. १ जुलै २०२४ च्या बेरिल वादळात युनियन आयलंड आणि मेरो बेटावरची बहुतेक घरं मोडली. आधी विचारून घ्या, आणि बोट तिथल्याच माणसाची करा.