सांगलीच्या उन्हाळ्यासाठी उष्णता साठवणारा गिलावा कसा करावा

सांगली-मिरजेकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो आणि पश्चिमेची भिंत रात्रीची जेवणे उरकली तरी हाताला गरम लागते. अशा भिंतीच्या आतल्या गिलाव्यात, सूक्ष्म कवचांत बंद केलेल्या पॅराफिन मेणाची भुकटी मिसळता येते. हे मेण दुपारी वितळताना उष्णता शोषते आणि रात्री गोठताना परत सोडते. 20 मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर गिलाव्याचे वजन 30 किलो धरले व त्यात 3 किलो मेण असले, तर किलोला 150 किलोज्यूल या हिशेबाने 450 किलोज्यूल उष्णता त्यात मुरते. तेवढाच साधा गिलावा 5 अंशांनी तापायला 150 किलोज्यूल पुरतात.

खरी मेख वितळण्याच्या तापमानात आहे. थंड देशांतल्या घरांसाठी केलेले 22-23 अंशांचे मेण आपल्याकडे मे महिन्यात रात्रीही गोठत नाही, आणि रात्री न गोठलेले मेण दुसऱ्या दिवशी निरुपयोगी असते. म्हणून आठवडाभर खोलीतले पहाटेचे व दुपारचे तापमान वहीत टिपावे. पहाटे 26 आणि दुपारी 33 भरत असेल, तर 28-29 अंशांचे मेण मागावे. रात्री खिडक्या उघड्या ठेवता येत नसतील, तर या खर्चात पडूच नये.

सिमेंट आणि वाळू आधी कोरडी एकजीव करून पाणी घालावे, आणि भुकटी अगदी शेवटी हलक्या हाताने कालवावी, कारण मिक्सरमध्ये फार वेळ घोळल्यास कवचे फुटतात. थापीवरचा माल चिमटीत चोळल्यावर मेणचट लागला, तर तो बाद करावा. तो भिंतीला नीट धरत नाही. भुकटी पाणी जास्त मागते, पण गवंड्याने सढळ हाताने पाणी ओतले की ताकद घटते, म्हणून प्लास्टिसायझर, म्हणजे कमी पाण्यातही माल सैल ठेवणारे रसायन, वापरावा. भुकटीनेही ताकद उतरतेच. त्यामुळे गिलाव्याच्या वजनाच्या 10 टक्क्यांपुढे जाऊ नये व किमान 7 दिवस पाणी मारावे.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी कडाक्याच्या थंडीत दव गोठते. तिथे बाहेरच्या गिलाव्याला धोका छिद्रांतल्या पाण्याचा असतो, कारण बर्फ होताना ते सुमारे 9 टक्के फुगते. गिलाव्याची वडी पाडून, पुरती पिकल्यावर पाण्यात भिजवून फ्रीजरमध्ये गोठवावी व पुन्हा वितळवावी. असे दहा वेळा करून कडा झडल्या, तर तो माल बाहेर वापरू नये.

चुलीमागे किंवा भट्टीलगत मात्र हा गिलावा कधीही करू नये, कारण पॅराफिन ज्वलनशील आहे. तिथे साधाच गिलावा करावा.