हेडलाइट मंद झाला म्हणून थेट बल्ब आणू नका: घरच्या दुरुस्तीत या चुका टाळा

एका बाजूचा हेडलाइट बंद पडला किंवा मंद झाला की बहुतेक गाडीमालक आधी स्पेअर पार्टच्या दुकानात जातात आणि नवा बल्ब घेऊन येतात. बल्बच उडालेला असेल तर काम होते. पण दोष अर्थमध्ये (प्रवाह बॉडीमार्गे बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत नेणाऱ्या जोडणीत), कपलरमध्ये (बल्बच्या मागे बसणाऱ्या वायरीच्या प्लगमध्ये) किंवा चार्जिंगमध्ये असेल तर नवा बल्बही तसाच मिणमिणतो, नाहीतर काही महिन्यांत उडतो. घरी करण्यासारखे हे काम आहे खरे, मात्र त्यातला मोठा भाग दोष नेमका कुठे आहे हे ठरवण्याचा आहे.

येथे विचार हॅलोजन दिव्यांचा केला आहे. आपल्याकडच्या बहुसंख्य जुन्या हॅचबॅक गाड्यांत एच४ जातीचा, ६०/५५ वॅटचा बल्ब असतो. त्यात दोन फिलामेंट असतात: ५५ वॅटची लो बीमसाठी आणि ६० वॅटची हाय बीमसाठी. झेनॉन दिव्यांच्या इग्नायटरमध्ये २० हजार व्होल्टपेक्षा अधिक दाब निर्माण होतो, त्यामुळे त्यांना घरी हात लावू नये. आणि ज्या नव्या गाड्यांत एलईडी दिव्याच्या घरातच कायमचे बसवलेले असतात, तेथे बदलायला बल्बच नसतो.

लक्षण न वाचता काम सुरू करणे

एका बाजूचा लो बीम बंद आणि त्याच बाजूचा हाय बीम चालू असेल, तर फिलामेंट तुटली असण्याची शक्यता सर्वाधिक. बल्ब काढून उजेडाकडे धरला तर तुटलेली तार किंवा काळवंडलेली काच डोळ्यांनी दिसते. दोन्ही बाजू एकाच क्षणी बंद पडल्या तर दोन्ही बल्ब एकदम उडाले असे मानण्याऐवजी फ्यूज, रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) आणि स्टिअरिंगजवळचा कॉम्बिनेशन स्विच आधी पाहावा. अनेक गाड्यांत डाव्या आणि उजव्या दिव्याला वेगळा फ्यूज असतो, म्हणून एकच दिवा गेला तरी फ्यूजची पेटी उघडून पाहणे सोडू नये. येथे एक अपवाद ध्यानात ठेवावा. एक लो बीम गेल्यावर लोक कित्येक दिवस तशीच गाडी चालवतात, आणि दुसरा गेला की मगच दोन्ही एकदम गेल्यासारखे त्यांना वाटते.

हाय बीम लावला की दिवे उलट मंद होतात, किंवा इंडिकेटरच्या लयीत हेडलाइट फडफडतो, ही खराब अर्थची जवळपास खात्रीची खूण आहे. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बरेच दिवस उभी राहून नंतर दिवा गेला असेल, तर बल्ब काढण्याआधी बॅटरीमागच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या आहेत का, ते टॉर्च लावून पाहावे.

कपलर काढून व्होल्टेज मोजणे

सर्वांत फसवी चूक हीच, आणि ती मल्टिमीटर बाळगणाऱ्या काळजीवाहू माणसाकडूनच होते. कपलर बल्बपासून वेगळा करून त्यात मीटरच्या सुया घातल्या की मीटर पूर्ण बारा व्होल्ट दाखवतो, आणि वायरिंग ठीक आहे असा निष्कर्ष निघतो. परंतु मीटर स्वतः जवळजवळ प्रवाह घेतच नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही त्याच्यापर्यंत पूर्ण दाब पोहोचतो. ५५ वॅटचा बल्ब मात्र साडेचार अँपिअरच्या पुढे प्रवाह ओढतो, आणि तेवढा प्रवाह वाहू लागला की तोच जोड एखादा व्होल्ट खाऊन टाकतो.

म्हणून मोजमाप दिवा चालू असतानाच करावे. इंजिन चालू ठेवून प्रथम बॅटरीच्या दोन टोकांवरचे व्होल्टेज नोंदवावे, आणि नंतर कपलर बल्बला जोडलेलाच ठेवून त्याच्या मागच्या बाजूने सुया सरकवून पेटलेल्या फिलामेंटच्या दोन पिनांमधील व्होल्टेज घ्यावे. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टपर्यंत फरक चालतो. समजा बॅटरीवर १३.८ आणि बल्बवर १२.४ आले, तर दाब फक्त दहा टक्के कमी आहे असे म्हणून सोडून देता येत नाही. कारण हॅलोजन बल्बचा उजेड दाबाच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, आणि या हिशेबाने उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटलेला असतो. अशा वेळी नवा बल्ब काहीच करू शकत नाही.

फरक नेमका कुठे पडतो हे शोधण्यासाठी, दिवा चालू ठेवूनच, मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी बल्बच्या अर्थ पिनला लावावी. आकडा शून्याच्या जवळ हवा. तो जास्त असेल तर अर्थची वायर बॉडीला जेथे बोल्टने कसलेली असते ती जागा सोडवून, पॉलिश पेपरने चकचकीत करून, पुन्हा घट्ट करावी. काही गाड्यांत, विशेषतः जपानी घडणीच्या, एच४च्या सामाईक पिनला फ्यूजमधून धन प्रवाह येतो आणि स्विच अर्थच्या बाजूला असतो. त्यामुळे कोणती पिन कशाची हे गृहीत न धरता मीटरनेच ठरवावे. रत्नागिरी, मालवण, अलिबागसारख्या किनाऱ्यावरच्या गाड्यांत खाऱ्या हवेने कपलरच्या पिनांवर हिरवट थर चढतो. पिना स्वच्छ करून त्यांवर डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात फिरवला तर तो पुन्हा लवकर येत नाही. कपलरचे प्लास्टिक तपकिरी होऊन वितळले असेल तर मात्र कपलरच बदलावा.

फिलामेंटचा रोध मोजताना आणखी एक गोंधळ होतो. गणिताने ५५ वॅटच्या फिलामेंटचा रोध अडीच ओहमच्या थोडा वर यायला हवा, आणि मीटर अर्धा ओहमही दाखवत नाही. बल्ब शॉर्ट झालेला नसतो. थंड टंगस्टनचा रोध तापलेल्या टंगस्टनपेक्षा कित्येक पटींनी कमी असतो, इतकेच.

बल्ब वारंवार उडतो तरी बल्बलाच दोष देणे

स्वस्त बल्ब लवकर उडतात हे खरे, पण चांगल्या कंपनीचे बल्बही टिकत नसतील तर चार्जिंग तपासावे. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट असावेत. १५च्या वर गेले तर अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) रेग्युलेटरवर संशय घ्यावा. दाब पाच टक्के वाढला तरी बल्बचे आयुष्य जवळपास निम्मे होते. फ्यूज वारंवार उडत असेल तर जास्त अँपिअरचा फ्यूज बसवणे हा उपाय नव्हे. त्याने वायर जळण्याची सोय होते.

जास्त वॅट आणि एलईडीचा मोह

उजेड कमी वाटला की दुकानदार १००/९० वॅटचा बल्ब पुढे करतो. तो हाय बीमवर आठ अँपिअरच्या पुढे प्रवाह ओढतो. मूळ वायर, स्विच आणि होल्डर तेवढ्यासाठी बनलेले नसतात, आणि रिफ्लेक्टरचा चकचकीत थरही उष्णतेने जातो. खर्च करायचाच असेल तर मूळ ६०/५५चा बल्ब ठेवून रिले किट बसवणे अधिक शहाणपणाचे, कारण त्यात बॅटरीचा दाब थेट बल्बपर्यंत पोहोचतो.

हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब बसवणे ही त्याहून मोठी चूक मानावी. रिफ्लेक्टरचा आकार फिलामेंट ज्या बिंदूवर असते त्यानुसार घडवलेला असतो. एलईडीची चिप त्याच बिंदूवर नसली की उजेड रस्त्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ समोरच्याला दिपवणार नाही असा खाली वळवलेला झोत मागतो, आणि मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत.

बसवताना होणाऱ्या चुका

दिवा बंद करून, किल्ली काढून, बल्ब पूर्ण थंड होऊ द्यावा. हॅलोजन बल्बच्या काचेला बोटे लावू नयेत. बोटांचे तेल तापून त्या जागी काच कमकुवत होते. चुकून हात लागलाच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावे. एच४च्या तीन पाकळ्यांपैकी रुंद पाकळी ठरलेल्या खाचेतच बसते. क्लिप जोर लावून अडकवावी लागत असेल तर बल्ब तिरका आहे असे समजावे. दोन्ही बल्ब जोडीनेच बदलावेत.

त्यानंतरचा रबर बूट, म्हणजे बल्बमागचे रबरी झाकण, नीट बसवण्याचा लोक कंटाळा करतात आणि पहिल्याच पावसात दिव्याच्या आत पाणी साचते. सकाळी काचेच्या आत हलकी वाफ दिसून दिवा लावल्यावर ती जाणे स्वाभाविक आहे. तळाशी पाणी दिसले तर मात्र बूट किंवा सील पाहावे.

बल्ब, दाब, अर्थ सारे ठीक असूनही उजेड पिवळट असेल, तर दोष लेन्सचा असतो. पॉलिकार्बोनेटवरचा अतिनील किरण अडवणारा थर उडाला की ती पिवळी पडते. जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या गोल काचेच्या दिव्यांना हा त्रास नव्हता. टूथपेस्टने येणारी चमक थोडे दिवसच टिकते. ओल्या पॉलिश पेपरने १०००, २००० आणि ३००० नंबर या क्रमाने घासून, पॉलिश करून, शेवटी अतिनील-रोधक क्लिअर कोट दिला तरच काम टिकते.

झोत न तपासणे

बल्ब बदलल्यावर झोत तपासलाच पाहिजे. ताम्हिणीच्या किंवा आंबोलीच्या घाटात धुक्यात वर चढलेला झोत स्वतःलाच आंधळे करतो. टायरमध्ये योग्य हवा भरून, चालकाच्या जागी कोणाला तरी बसवून, गाडी सपाट जमिनीवर भिंतीपासून पाच मीटरवर उभी करावी आणि डॅशबोर्डवरची लेव्हलिंगची चकती शून्यावर ठेवावी. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखावी. दिव्याच्या घरावर १ टक्का असा आकडा छापलेला असेल, तर पाच मीटरवर झोताची वरची कड त्या रेषेच्या पाच सेंटिमीटर खाली यावी, आणि आपण डावीकडून गाडी चालवत असल्यामुळे ती डावीकडे किंचित चढलेली दिसावी. फरक असेल तर दिव्यामागचा स्क्रू थोडा-थोडा फिरवावा. मागच्या सीटवर माणसे आणि डिकीत सामान असेल त्या प्रवासापुरती झोत खाली आणण्यासाठी लेव्हलिंगची चकती वापरावी. स्क्रूला पुन्हा हात लावण्याची गरज नसते.