इंदूरला घर भाड्यानं घेताना: ‘ॲडव्हान्स’ची फोड आधी मागा

‘भाडं 10,000 आणि ॲडव्हान्स 50,000’ असं घरमालक म्हणाला, की पैसे काढण्याआधी त्या 50,000 ची फोड लिहून मागा. आगाऊ भाडं किती, परत मिळणारं डिपॉझिट किती, परत न मिळणारं काही आहे का? कायद्यात या तिन्हींचे नियम वेगळे आहेत आणि ‘ॲडव्हान्स’ या एका शब्दात तिन्ही दडून बसतात.

मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, 1961 च्या कलम 6 प्रमाणे भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याची पूर्वपरवानगी नसेल, तर एका महिन्याहून जास्त आगाऊ भाडं घेता येत नाही. घर देण्यासाठी किंवा करार वाढवून देण्यासाठी पगडी, म्हणजे भाड्याशिवाय वरून घेतलेली परत न मिळणारी रक्कम, मागणं तर बेकायदाच, मग तिला नाव काहीही द्या.

डिपॉझिटचं तितकं सरळ नाही. घराला दोन महिन्यांचं भाडं, दुकान-ऑफिसला सहा महिन्यांचं, ही मर्यादा केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यातली आहे. तो नमुना आहे. राज्यानं स्वतःचा कायदा केल्याशिवाय घरमालक त्यानं बांधला जात नाही. तरी बोलणी याच आकड्यावर करा: 10,000 आगाऊ, 20,000 डिपॉझिट, एकूण 30,000. बहुतेक ठिकाणी एवढं पुरायला हवं.

पैसे बँकेतून किंवा यूपीआयनं द्या, नोंदीत ‘डिपॉझिट’ किंवा ‘जुलैचं भाडं’ असं लिहा. रोख द्यावेच लागले तर त्याच जागी सही केलेली पावती घ्या. किरायानाम्यात (भाडेकरारात) डिपॉझिटचा आकडा, ते किती दिवसांत परत मिळणार आणि कशापोटी कापलं जाणार, हे तिन्ही हवं. खरी भांडणं कापाकापीवरूनच होतात. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 108 नुसार नेहमीच्या वापरानं होणारी झीज भाडेकरूच्या माथी येत नाही, पण करारात वेगळं लिहिलं असेल तर करार चालतो. म्हणून ‘सोडताना रंगाचे पैसे कापले जातील’ हे वाक्य सहीआधीच खोडून घ्या. राहायला जाताना विजेच्या मीटरचा आकडा, भिंती, नळ, दारं यांचे फोटो काढून घरमालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा.

डिपॉझिट बुडेल या भीतीनं शेवटचे दोन महिने भाडं थांबवणारे पुष्कळ. तसं करू नका. थकबाकीची नोटीस मिळाल्यावर दोन महिन्यांत भाडं भरलं नाही, तर ती थकबाकीच घर खाली करून घ्यायचं कारण ठरते.

पगडी किंवा जास्तीचं आगाऊ भाडं घेतलं असेल, तर अर्ज भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे करा. हा अधिकारी डेप्युटी कलेक्टर किंवा त्याहून वरच्या दर्जाचा असतो, चौकशी कलेक्टर कार्यालयात करावी. अडकलेल्या डिपॉझिटसाठी आधी वकिलामार्फत नोटीस, मग दिवाणी न्यायालय. इंदूरच्या भंवरकुआँ भागात जेवणासकट हॉस्टेलात कॉट घेणाऱ्या मुलांनी मात्र पावती आणि परतीची अट आणखी जपून लिहून घ्यावी, कारण तिथला करार भाडेकरारच आहे हे सिद्ध करणं अवघड जातं.