वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांची तब्येत बदलली तर डॉक्टरांना काय आणि कसं सांगायचं

"सर, आजींना आज बरं वाटत नाहीये" एवढंच सांगितलं तर डॉक्टर म्हणणार बघा जरा, संध्याकाळी कळवा, आणि सगळा दिवस तसाच जातो. म्हणून मावशी, सिस्टर, ब्रदर सगळ्यांसाठी लिहितेय.

काल कशा होत्या आणि आज काय वेगळंय, ते सांगा. काल स्वतः बसून चहा घेतला, आज कप धरवत नाहीये, नातवाला ओळखलं नाही, सकाळपासून लघवी एकदाच झाली. म्हातारपणी लघवीचं किंवा छातीचं इन्फेक्शन झालं तरी ताप येतोच असं नाही, बऱ्याचदा आधी गोंधळच दिसतो, आणि कधीकधी तर माणूस एकदम गप्प पडून राहतो, त्याला "आज छान झोपल्यात" म्हणून सोडू नका प्लीज. हा फरक सगळ्यात आधी भरवणाऱ्या, आंघोळ घालणाऱ्या मावशींना कळतो, त्या "काहीतरी वेगळंय" म्हणाल्या की सिस्टरने लगेच जाऊन बघायचंच.

फोनच्या आधी बीपी, नाडी, ऑक्सिजन, टेम्परेचर, मिनिटाला श्वास किती, डायबेटिस असेल तर शुगर, हे घ्या आणि फाइल समोर ठेवा. शुगर ७० च्या खाली असेल, माणूस शुद्धीत असेल आणि नीट गिळता येत असेल तर आधी साखरपाणी, मग फोन.

बोलताना हा क्रम: आत्ता काय झालंय, आधीचे आजार आणि गोळ्या, आकडे, तुम्हाला काय वाटतं आणि काय हवंय. याला एसबीएआर (सिच्युएशन, बॅकग्राउंड, असेसमेंट, रेकमेंडेशन) म्हणतात, अमेरिकन नौदलातून हॉस्पिटलांत आलेली पद्धत आहे. शेवटचा भाग लोक गाळतात, तो गाळू नका, "सर, मला इन्फेक्शन वाटतंय, आज येऊन बघाल का" असं सरळ विचारा. औषध सांगितलं तर लिहून घ्या आणि परत वाचून दाखवा.

तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर तो स्ट्रोक (लकवा) असू शकतो, आधी १०८. शेवटचं नीट कधी पाहिलं होतं ती वेळ लिहून ठेवा कारण मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असलेले आजोबा डोक्यावर पडले तर वरून काही दिसत नसलं तरी डॉक्टरांना तेव्हाच कळवा.

घरच्यांनाही त्याच दिवशी फोन करा, काय दिसलं, डॉक्टर काय म्हणाले, पुढचा फोन कधी करणार एवढं सांगा. नाईटच्या सिस्टरला मात्र नुसतं रजिस्टर देऊन निघू नका, पलंगाजवळ नेऊन दाखवा.